तंबूचा मुक्काम किती रात्रींचा असावा?

प्रश्न: "ताई, आमचं बडोद्यातलं छोटंसं मंडळ आहे. शहरापासून दीड-दोन तासांवर, तलावाकाठच्या एका सार्वजनिक उद्यानातलं तंबूस्थळ गेल्या वर्षापासून आम्ही सांभाळतो. तंबू लावायला बारा ओटे आहेत. निवृत्त मंडळींचा एक गट दिवाळीआधीच येतो आणि वीस-बावीस दिवस हलत नाही. यंदा लहान मुलं घेऊन आलेल्या कुटुंबांना फाटकावरून परत पाठवावं लागलं. माझी बहीण अ‍ॅरिझोनात असते. ती म्हणते, तिकडे १४ दिवसांचा नियम आहे, तोच लावा. लावू का? आणि ही सगळी ओळखीची, वयाने मोठी माणसं. त्यांना उठा म्हणायचं कसं?"

उत्तर:

१४ दिवस लावू नका. तो आकडा ज्या जमिनीसाठी ठरवला तिचा आणि तुमच्या बारा ओट्यांचा काही संबंध नाही.

बहिणीने सांगितलेला नियम अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मोकळ्या जमिनीचा आहे. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाचं खातं पश्चिमेकडच्या राज्यांत मैलोन्मैल पसरलेली जमीन सांभाळतं. बहुतेक ठिकाणी तिथे ना ओटा, ना नळ, ना बुकिंग. साधारण नियम असा, की २८ दिवसांच्या काळात एका जागी १४ दिवस राहा, मग मुक्काम हलवा, आणि पुष्कळ भागांत पुढचा तंबू निदान २५ मैल लांब ठोका. एवढ्या उजाड जमिनीवर कुणी १४ दिवस राहिला तरी दुसऱ्या कुणाची जागा अडत नाही. तिथे काळजी वेगळी असते: माणूस तिथेच घर मांडून बसू नये.

त्याच अमेरिकेत योसेमिटी या राष्ट्रीय उद्यानात जागेसाठी झुंबड उडते. तिथला हिशोब पाहा. वर्षभरात ३० रात्री. पण १ मे ते १५ सप्टेंबर या गर्दीच्या दिवसांत १४, आणि त्यातल्या सातच योसेमिटी खोऱ्यात किंवा वावोनाला. धरणांचे जलाशय सांभाळणाऱ्या त्यांच्या लष्करी इंजिनिअर खात्याकडे ३० दिवसांत १४. आणि तुमच्या बहिणीच्याच अ‍ॅरिझोनात, क्वार्ट्झसाइट गावाजवळच्या ला पोसाला, हेच ब्यूरो परवान्यावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने राहू देतं. उत्तरेच्या बर्फातून पळून आलेले पेन्शनर आपापल्या घरगाड्या घेऊन तिथे हिवाळा काढतात. म्हणजे एकाच देशात सात रात्रींपासून सात महिन्यांपर्यंत सगळं आहे, आणि प्रत्येक ठिकाणी ते तिथल्या गर्दीकडे आणि जमिनीकडे बघून ठरलेलं आहे.

नॉर्वेत तर कुणाच्याही मोकळ्या रानात तंबू टाकायचा हक्क १९५७ पासून कायद्याने आहे. पण राहत्या घरापासून १५० मीटर लांब, आणि मालकाला न विचारता दोनच दिवस. उंच डोंगरात किंवा वस्तीपासून फार दूर गेलात तर ही दोन दिवसांची अट सुटते. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याखालच्या आचारसंहितेत एका जागी दोन-तीन रात्री म्हटलं आहे.

आपल्याकडेही हे नवीन नाही. धर्मशाळेत तीन दिवस ही रीत आपल्या आजी-आजोबांनी पाळलेली आहे. चौथ्या दिवशी व्यवस्थापक काही बोलत नसे, पण यात्रेकरू स्वतःच वळकटी बांधायला घेई. माउलींची पालखी वाटेत बहुतेक गावी एकच रात्र थांबते, पुण्यात दोन. संन्याशाने एका गावी रेंगाळू नये म्हणतात, पण पावसाळ्यात चातुर्मास एका जागी काढायची त्याला मोकळीक आहे. नियम आणि मोसमाप्रमाणे सूट, दोन्ही आपल्या परंपरेत शेजारी शेजारी बसलेले आहेत. तुमच्या मंडळाच्या बैठकीत कुणी म्हणालं, की हे अमेरिकन खूळ कशाला, तर हे सांगा.

मी सत्तावीस वर्षं मुलांची आणि कुटुंबांची निसर्गशिबिरं घेतली. त्यातली अकरा वर्षं एका तंबूस्थळाची पूर्ण व्यवस्था माझ्याकडे होती. या सगळ्या काळात मला एक गोष्ट सगळ्यांत कठीण गेली, ती म्हणजे जो माणूस समोर नाही त्याची बाजू घेणं. ओट्यावर बसलेली माणसं तुम्हाला दिसतात, त्यांच्या हातचा चहा तुम्ही पिता, त्यांची गुडघेदुखी तुम्हाला ठाऊक असते. फाटकावरून परत गेलेलं कुटुंब पाच मिनिटं दिसतं आणि धुळीत नाहीसं होतं. ज्यांनी फोनवरच "जागा नाही" ऐकलं ते तर कधीच दिसत नाहीत. मुक्कामाची मर्यादा त्या न दिसणाऱ्यांसाठी असते. ती ठरवताना त्यांना आकड्यात आणून समोर बसवावं लागतं.

तर आकडा करू. बडोद्याची माणसं कधी बाहेर पडतात हे आपल्याला पंचांगावरून सांगता येतं. वसुबारसेपासून लाभपंचमीपर्यंत शाळा बंद, दिवाळीनंतर बरीच दुकानंही बंद, आणि अर्धं शहर रस्त्यावर. हे दहा दिवस धरा. बारा ओटे, दहा रात्री, म्हणजे १२० ओटा-रात्री तुमच्या हातात आहेत. प्रत्येकाला दोन रात्री दिल्या तर ६० कुटुंबं राहून जातात. पाच दिल्या तर २४. मर्यादाच नसेल आणि तुमचा तो गट दहाही दिवस बसला, तर जेवढे ओटे त्यांनी धरले तेवढी कुटुंबं, संपलं. आता जानेवारीतला मधलाच एखादा मंगळवार घ्या. उत्तरायण होऊन गेलंय, पतंगाचे दोरे झाडांत लोंबताहेत, बारापैकी नऊ ओटे रिकामे. तिथे दोन रात्रींचा नियम लावून कुणाचं भलं होणार? तीच निवृत्त मंडळी तेव्हा आठवडाभर राहिली तर तलावालाही सोबत होते आणि तुमच्या चौकीदारालाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एकच आकडा ठेवू नका, दोन ठेवा. दिवाळी ते लाभपंचमी आणि नाताळ ते उत्तरायण या काळात दोन रात्री, फार तर तीन. बाकीच्या मोसमात सात. आणि या दोन्हींवर वर्षाची एक मर्यादा, समजा एकवीस रात्री. ती एका माणसाची सगळ्या मुक्कामांची मिळून. तुमच्या नोंदवहीत गेल्या वर्षीचे दिवस उघडून कुठल्या आठवड्यात किती जण परत गेले ते बघा. परत गेलेल्यांची नोंद ठेवलेली नसेल तर आजपासून ठेवा. फाटकावर एक वही, तारीख आणि किती माणसं, एवढंच. एका मोसमाच्या त्या वहीने तुम्हाला जे कळेल ते माझ्या आकड्यांपेक्षा जास्त खरं असेल.

आता जमिनीचं. बरेच लोक मुक्कामाच्या मर्यादेला निसर्गाचं कारण देतात, आणि ते अर्धंच खरं असतं. बांधलेल्या ओट्यावर एक कुटुंब वीस रात्री राहिलं काय आणि दहा कुटुंबं दोन-दोन रात्री राहिली काय, ओट्याला फरक पडत नाही. संडासची टाकी तितकीच भरते. कच्च्या जमिनीचंही असं आहे, की तुडवण्याचं बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या वापरातच होऊन जातं, नंतरची प्रत्येक रात्र त्यात थोडीशीच भर घालते. म्हणूनच नवीन जागा तुडवण्यापेक्षा तुडवलेलीच जागा वापरावी असं या विषयाचा अभ्यास करणारे सांगतात. तेव्हा ओट्यावर बसलेल्या माणसाला "गवताला विश्रांती हवी" असं सांगू नका. त्याला दिसतं की ओटा सिमेंटचा आहे. एकदा खोटं कारण दिलं की खरंही कुणी ऐकत नाही.

खरं आहे ते ओट्याच्या बाहेर. दोन रात्रींचा पाहुणा ओट्यावर राहतो. वीस दिवसांचा पाहुणा ओट्याभोवती चाळीस फूट राहतो. पहिल्या दिवशी खुर्च्या बाहेर येतात. तिसऱ्या दिवशी कपड्यांची दोरी बांधली जाते, आणि ती झाडालाच. पाचव्या दिवशी चुलीसाठी तीन दगड मांडले जातात, मग वाऱ्याची दिशा बदलली म्हणून दुसऱ्या जागी आणखी तीन. दोन रात्रींचा माणूस कपडे धूत नाही, मळलेले पिशवीत भरून घरी नेतो. वीस दिवसांच्या माणसाला धुवावेच लागतात, आणि ते साबणाचं पाणी उताराने तलावात जातं. माकडांना तर वेळा पाठ होतात. रोज त्याच ओट्यावर सकाळी आठला पोहे होतात हे चार दिवसांत टोळीला कळतं, आणि पाहुणे गेल्यावरही टोळी आठलाच येते.

तुम्हाला स्वतःला पाहायचं असेल तर लोटाभर पाणी घेऊन जा. जिथे खूप दिवस तंबू आणि खुर्च्या होत्या तिथे हळूच ओता, आणि दहा पावलांवर झाडीखाली तेवढंच ओता. झाडीखाली पाणी पालापाचोळ्यात शिरतं, मातीचा वास येतो, क्षणात ओल तेवढी उरते. तुडवलेल्या जागी त्याचं थाळीसारखं डबकं होतं, कडेला धुळीची साय येते, आणि मग ते बारीक धार धरून उताराला लागतं. माझ्या शिबिरातल्या मुलांना मी हे करायला लावायची. एकदा पाहिल्यावर ती स्वतःहून पायवाटेवरूनच चालायची.

आणखी एक गोष्ट आपल्या या पट्ट्यासाठी फार महत्त्वाची आहे. जांबुघोडा, छोटाउदेपूर, रतनमहालकडे फाल्गुन-चैत्रात महुड्याची, म्हणजे मोहाची, फुलं गळतात. राठवा आदिवासी कुटुंबं पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली येतात. कुठलं झाड कुणाचं हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. शहरातून आलेल्या माणसाला ते फक्त छान सावलीचं झाड दिसतं, आणि तो बरोबर त्याखाली तंबू मांडतो. एक रात्र असेल तर घरातली बाई तेवढ्या जागेला वळसा घालून फुलं वेचते, काही बोलत नाही. पंधरा दिवस असेल तर त्या घराची त्या झाडापासूनची वर्षाची कमाई त्या तंबूखाली चिरडते. शिवाय फुलांसाठी अस्वलंही येतात. या दोन महिन्यांत महुड्याखालच्या जागा बंदच ठेवा, आणि कुठली झाडं ते गावातल्यांना विचारून ठरवा, नकाशावरून नको.

आता मोजणी. माझ्या अनुभवात नियम मोडतो तो आकड्यात नाही, मोजण्यात. तुम्ही "सात दिवस" लिहिलंत की पहिला वाद तिथेच सुरू होतो: शनिवारी संध्याकाळी आलो, तो दिवस धरायचा का? रात्री मोजा. एक रात्र म्हणजे एक रात्र, आणि शेवटच्या सकाळी अकराला ओटा मोकळा.

दुसरं, कुणाच्या रात्री मोजायच्या? ओट्याच्या मोजल्यात तर माणसं सातव्या रात्री चार नंबरवरून पाच नंबरवर जातात आणि पुन्हा एकपासून सुरू. पावतीवरच्या नावाच्या मोजल्यात तर पहिला आठवडा काकांच्या नावावर, दुसरा काकूंच्या, तिसरा जावयाच्या. एकदा नोंदवही चाळताना मला तीन वेगवेगळ्या आडनावांपुढे एकच मोबाइल नंबर सापडला. एकाच पेनाने, एकाच वळणदार अक्षरात लिहिलेला. मंडळी सव्वीस रात्री तिथेच होती, तंबूची खुंटीही हलली नव्हती. म्हणून राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची नोंद करा, सोबत गाडीचा नंबर आणि मोबाइल, आणि नियमात लिहा, की यातलं काहीही जुळलं तर रात्री एकत्र मोजल्या जातील, ओटा कुठलाही असो.

तिसरं, मध्ये किती दिवसांचं अंतर? अंतर नसेल तर माणूस सातव्या दिवशी तंबू काढतो, गावात जाऊन चहा पितो आणि दुपारी परत येतो. तुमच्या बाबतीत सात रात्रींचं अंतर पुरेसं आहे. बडोदं जवळ आहे, घरी जाऊन येणं कुणाला जड नाही.

चौथं, बुकिंगचा साठा. दोन रात्रींचा नियम लावल्यावर लोक शुक्रवार-शनिवार तीन-तीन आठवडे आधीच धरून ठेवतील आणि ऐनवेळी येणार नाहीत. ओटा रिकामा आणि नोंदवहीत भरलेला, यासारखं वाईट काही नाही. अनामत घ्या, आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवलं तर परत करा, न कळवता आला नाही तर जप्त. आणि बारापैकी दोन ओटे बुकिंगशिवाय ठेवा, फाटकावर पहिला येईल त्याला. ज्यांच्याकडे आधी ठरवायची सोय नसते, ज्यांना सुट्टीच गुरुवारी रात्री कळते, अशी कष्टकरी कुटुंबं त्यावर येतात.

कुणी सुचवेल, की मर्यादा कशाला, आठवड्यानंतर भाडं दुप्पट करा. मी याच्या पूर्ण विरुद्ध आहे. सार्वजनिक जागा आहे. पैसेवाला दुप्पट देऊन बसून राहील, आणि मुलं घेऊन आलेला रिक्षावाला तसाच परत जाईल. वर तुमच्या मंडळाला त्या दुप्पट भाड्याची सवय लागेल.

कायद्याचं थोडक्यात. तंबूची जागा देताना तुम्ही भाडेकरू ठेवत नाही, परवानगी देता. १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ मध्ये ज्याला लायसन्स म्हटलंय ती. ती साधारणपणे मागे घेता येते. पण कलम ६० मध्ये एक अपवाद आहे: परवानगीवर विसंबून समोरच्याने स्वतःच्या खर्चाने पक्कं बांधकाम केलं असेल तर ती सहज मागे घेता येत नाही. म्हणून एखादे जुने पाहुणे प्रेमाने म्हणाले, की आम्ही आमच्या खर्चाने इथे एक न्हाणीघर बांधून देतो, तर आभार माना आणि थांबवा. द्यायचंच असेल तर मंडळाला देणगी द्यावी, पावती घ्यावी, बांधकाम मंडळाने करावं. जागेची मालकी ज्या सरकारी किंवा स्थानिक संस्थेकडे असेल तिच्या मंजुरीने ठराव करा, आणि फाटकावर गुजराती, मराठी, हिंदी अशी तिन्ही भाषांत पाटी लावा. जागा अभयारण्यात मोडत असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे प्रवेशाची परवानगी वनखात्याची, तिथे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याच्या आतच बसला पाहिजे.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही विचारलं नाहीत, पण जी तुमच्यापुढे कधी ना कधी येईल, ती सांगते.

आमच्याकडे एका डिसेंबरात नवरा-बायको आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी आली. तंबू जुना, एका बाजूला शिवलेला. पहिले तीन दिवस मला वाटलं सहलीला आलेत. चौथ्या दिवशी सकाळी मी ओट्यांवरून फेरी मारत होते, तर तंबूच्या दाराशी तेलाच्या डब्यात लावलेली तुळस होती, आणि बाई तिला पाणी घालत होती. शेजारी मुलीचा शाळेचा गणवेश दोरीवर वाळत होता. सहलीला कुणी तुळस आणत नाही. तरी मी काही विचारलं नाही. सातवी रात्र झाल्यावर नियमाप्रमाणे जाऊन म्हटलं, उद्या ओटा मोकळा करावा लागेल. नवरा फक्त "हो ताई" म्हणाला. सकाळी गेले. नंतर चौकीदाराने सांगितलं, की शहरात ज्या खोलीत राहायचे ती सोडावी लागली होती, आणि मुलीची परीक्षा त्या आठवड्यात संपणार होती. चारच दिवस उरले होते. मी तेव्हा विचारलं असतं तर चार दिवस देऊ शकले असते. ते मला आजही सलतं.

तेव्हापासून मी नियमात एक ओळ घालते: व्यवस्थापक कारण नोंदवून, तारीख ठरवून, एकदा मुदत वाढवू शकेल. तारीख ठरवूनच. बिनतारखेची दया चौकीदाराच्या गळ्यात पडते, आणि शेवटी कुणीतरी जास्त कठोरपणे ती संपवतं. आणि नोटीस देण्याआधी कुणीतरी बसून विचारलंच पाहिजे, की इथून कुठे जाणार? ज्याला घर आहे आणि ज्याला नाही, त्या दोघांना एकच कागद देऊन चालत नाही. अमेरिकेत हाच प्रश्न त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२४ च्या जून महिन्यात ग्रँट्स पास नावाच्या ओरेगनमधल्या गावाच्या खटल्यात, बेघर माणसांनाही सार्वजनिक जागेत मुक्काम करण्याबद्दल दंड करता येईल, असा सहा विरुद्ध तीन निकाल लागला. त्यांच्या घटनेचा तो अर्थ असेल. तंबूस्थळ चालवणाऱ्या माणसाला मात्र दंडाने काही सुटत नाही, कुटुंब पुढच्या पुलाखाली जातं एवढंच. तुम्ही आधीच शहरातल्या रैनबसेऱ्याचा, म्हणजे रात्रनिवाऱ्याचा, पत्ता, एखाद्या सेवाभावी संस्थेचा फोन, गावातल्या सरपंचांशी बोलणं, हे तयार ठेवा. तंबूस्थळ कुणाचं घर होऊ शकत नाही, पण तिथून निघणाऱ्याच्या हातात पुढचा पत्ता असावा.

आता तुमचे काका-काकू. उठा म्हणायची वेळ चुकीची निवडली की सगळं बिघडतं. शेवटच्या सकाळी दहा वाजता कधीही सांगू नका. तेव्हा सामान पसरलेलं असतं, कुकर लागलेला असतो, चारचौघं बघत असतात. आदल्याच्या आदल्या संध्याकाळी जा. बसा. चहा देतील, घ्या. आणि असं म्हणा, "काका, परवा अकराला ओटा सोडायचाय ना, सामान गाडीपर्यंत न्यायला पोरांना पाठवू का?" यात ते जाणार की नाही हा प्रश्नच नाही, सामान कुणी उचलायचं एवढाच आहे. मी हे वाक्य शेकडो वेळा वापरलंय, आणि हातावर मोजण्याइतक्या वेळाच वाद झाला.

चौकीदाराला मात्र यात एकटं पाडू नका. तुमच्याकडे बहुधा जवळच्याच गावातला मुलगा असेल. समोर बडोद्याची मोठी गाडी, मोठ्या वयाचे साहेब, आणि हा पगारावर. त्याने सांगितलं तर "तू कोण?" असं उत्तर येतं. मी तरुण असताना एका ठिकाणी पाहिलंय, की तिथल्या एका पदाधिकाऱ्याचे पाहुणे महिनाभर बसले होते, आणि बोलणी मात्र त्या चौकीदाराला खावी लागली. त्यासाठी दोन गोष्टी करा. प्रत्येक तंबूला येतानाच एक मोठा पुठ्ठ्याचा बिल्ला द्या आणि त्यावर ठळक अक्षरात निघायची तारीख लिहा. अमेरिकेतल्या तंबूस्थळांवर ओट्याच्या खांबाला अशी चिठ्ठी लावलेली असते. मग तारीख सांगणारा माणूस कुणी नसतो, बिल्लाच सांगतो, आणि शेजारच्या ओट्यावरच्यालाही ती दिसते. दुसरं, मंडळाच्या सभासदांना, त्यांच्या नातेवाइकांना आणि ओळखीने आलेल्या साहेबांना नियम सगळ्यांत आधी लावा. पहिल्या दिवाळीत तुमच्या अध्यक्षांचा मेहुणा दोन रात्रींनी सामान बांधताना गावाला दिसला, की पुढची दहा वर्षं तुमचा चौकीदार मान वर करून बोलेल.

आणि ही वीस दिवस राहणारी मंडळी घालवू नका, हे मी मनापासून सांगते. तलावावर कुठल्या दिवशी कुठले पक्षी उतरले हे त्यांना माहीत असतं. रात्री कुणाचं पोर तापलं तर त्यांच्याच डब्यात गोळी सापडते. अमेरिकेतल्या सरकारी तंबूस्थळांवर अशा माणसांना यजमान म्हणून ठेवतात. ते पूर्ण मोसम एका जागी मोफत राहतात, बदल्यात आलेल्यांचं स्वागत करतात, नियम समजावतात, कचऱ्याकडे आणि शेकोट्यांकडे लक्ष ठेवतात. त्यांना मुक्कामाची मर्यादा लागत नाही, कारण ते पाहुणे उरत नाहीत. तुम्हीही एक ओटा यजमानाचा म्हणून वेगळा काढा. त्या गटातलं एकेक जोडपं पंधरा-पंधरा दिवस पाळीपाळीने राहील. काम लेखी द्या: सकाळ-संध्याकाळ एक फेरी, नवीन आलेल्याला पाणी आणि संडास कुठे ते दाखवणं, फाटकावरून परत जाणाऱ्यांची ती वही लिहिणं. ती वही त्यांच्याच हातात द्या. परत जाणाऱ्या मुलांचे चेहरे त्यांनी जवळून पाहिले, की पुढच्या दिवाळीत गटातल्या बाकीच्यांना तेच समजावतील.

तो ओटा फाटकाजवळचा असू द्या, तलावाकाठचा नको. काठावरचे ओटे दोन रात्रींसाठी आलेल्या मुलांना मिळू देत.